पोटावरची निळी रेघ

...आणि वर मला विचारतात, "शर्ट जरा वर घेता का?" म्हणजे नोकरीत दिवसभर शर्ट वर घ्यायचा, आणि रजा काढून दवाखान्यात गेलं तरी तिथेही शर्टच वर घ्यायचा. मी म्हटलं घेतो बाबा, मला काय, अर्धं आयुष्य शर्ट वर घेण्यातच गेलंय... नाही, तसं बघू नका माझ्याकडे. सभ्य नोकरी आहे. पॅन्टच्या कारखान्यात उभा राहतो मी.

आता हसताय, पण तुम्हाला सांगतो, तुम्ही दुकानात जाऊन डबल एक्सेल पॅन्ट मागता... बरं, तुम्ही नाही मागत, तुमचे शेजारी मागतात... ती पॅन्ट कोणाच्या पोटावर बेतलेली असते, याचा कधी विचार केलाय? कोणाच्या तरी पोटावर बेतावीच लागते, हवेवर कशी बेतणार? आमच्या कारखान्याची डबल एक्सेल माझ्या पोटावर बेततात. लोक विचारतात, पुतळ्यावर का नाही? अहो, पुतळा खुर्चीत बसत नाही, पुतळा जेवत नाही, पुतळ्याला शिंक आली म्हणून कधी बटण उडालंय? मी बसतो, जेवतो, शिंकतो, आणि आमचे कटिंगचे मास्तर कोपऱ्यात उभे राहून, एक डोळा बारीक करून बघत असतात की कुठे ताणतंय. कारखान्यात मला सगळे डबलच म्हणतात. माझी मेहुणीसुद्धा फोनवर विचारते, "डबल भाऊजी आहेत का घरात?" आहेत म्हणावं, जाणार कुठे.

आणि या नोकरीची अट एकच. वाढायचं नाही, कमी व्हायचं नाही. दर सोमवारी मास्तर टेप लावतात. एकदा पोट बिघडून मी जरा उतरलो, तर मालकांनी घरी फळांची टोपली पाठवली. बायको म्हणाली, किती काळजी करतात हो तुमची. कसली काळजी, ती भीती होती. मॅनेजरबाईंचा फोन, "डबल, जेवताय ना नीट?" मास्तरांचा निरोप, "भात सोडू नको." माझ्या आईने कधी केली नसेल एवढी माझ्या जेवणाची चौकशी. म्हणजे बघा, पोट माझं, पण मत सगळ्यांचं.

आता तुम्ही म्हणाल, मग सुखात होतास की, दवाखान्यात कशाला कडमडलास? तर बुटामुळे.

पॅन्टची लांबी बुटाच्या टाचेवर ठरते. त्यामुळे माझे बूट ठरलेले. काळे, जाड टाचेचे, नाडीचे. वर्षानुवर्षं तोच नमुना, झिजले की कंपनी तसेच नवे आणून देते. आणि मॅनेजरबाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं, "घरून घालूनच या. इथे तुमच्या नाड्या बांधायला माणूस नाही." बाईंना कसं कळलं कोण जाणे, पण खरं होतं. मला नाडी दिसतच नाही. मी खाली बघितलं की मला मीच दिसतो. खुर्चीत बसून पाय वर घ्यावा तर पाय वर येत नाही, वाकावं तर मधे हे महाराज, श्वास कोंडतो, डोळ्यांपुढे काजवे, आणि हात येऊन थांबतो गुडघ्याखाली. तिथून पुढे माझा प्रदेश संपतो.

मग बायको बांधते. लग्न झाल्यापासून. सकाळी डबा भरून झाला की पदराला हात पुसत येते, खाली बसते, दोन्ही नाड्या बांधते, दोन गाठी मारते आणि बुटावर एक थाप मारते, की जा आता. मला वाटायचं हे असंच असतं संसारात. तर गेल्या वर्षापासून तिचे गुडघे दुखायला लागले. बसताना भिंत धरते, उठताना माझ्या बुटावर हात टेकवते. मी म्हटलं तर म्हणते, "काही नाही हो, कळ आली जराशी." एकदा मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होतो आणि ही आत बहिणीला फोनवर सांगत होती, "अगं उठता येत नाही मला आता. पण त्यांना सांगू नकोस, बिचारे ओशाळतील."

बिचारे पेपरमागे बसून ओशाळलेच होते. तुम्हाला खरं सांगतो, मला लाज वाटली. देखणं दिसायचं माझं वय गेलं, ते कधी आलंही नव्हतं म्हणा. मला एवढंच हवं होतं की माझ्या बुटाची नाडी माझ्या हाताने बांधता यावी. पण पोट गेलं तर नोकरी गेली, आणि राहिलं तर बायकोचे गुडघे गेले. आता माणसाने करावं काय?

इथे मेहुणी आली. मेहुणी ब्यूटी पार्लर चालवते, त्यामुळे तिला मानवी शरीरातलं सगळं कळतं. म्हणाली, "भाऊजी, सगळं कुठे काढायचंय? आता बारीक नळीने चरबी ओढून घेतात, हवी तिथून, हवी तेवढी. आकार देतात." म्हटलं, कंबरेचं माप तसंच ठेवून फक्त वाकायच्या जागेवरचं काढतात का? "का नाही काढणार?" झालं. मला वाटलं स्वर्ग दोन बोटं उरला. मास्तरांची टेप कंबरेला लागते, वरच्या मजल्यावर कोण बघतंय? गुपचूप थोडं वरून कमी करायचं, नाडी बांधायची, नोकरी शाबूत.

रजा एकाच दिवसाची मिळते, कारण मी नसलो की पॅन्टा अडतात. म्हणून मेहुणीने तिन्ही दवाखाने एकाच दिवशी ठेवले. म्हणाली, "तुलना करून बघा." मी आयुष्यात रंगाचे डबे सोडले तर कशाची तुलना केलेली नाही, पण गेलो.

पहिला दवाखाना जुना. जिने, पंखे, बाकं. मोठे डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते, म्हणून त्यांच्या मदतनीस डॉक्टरीणबाई आल्या. शर्ट वर. "आमची ओली पद्धत," म्हणाल्या. "आधी आत मिठाचं पाणी भरायचं, त्यात बधिर करायचं औषध, रक्त कमी यावं म्हणून आणखी एक औषध. मग चरबी फुगते, घट्ट होते, आणि छोट्या छिद्रातून नळी घालून ती ओढून घ्यायची. जुनी, खात्रीची पद्धत. आमचे मोठे डॉक्टर हातानेच करतात."

मी म्हटलं, म्हणजे कमी करायच्या आधी आणखी फुगवणार?

"तात्पुरतं."

अहो बाई, माझं हे सगळं सुरुवातीला तात्पुरतंच फुगलं होतं. त्यावर त्या हसल्या नाहीत. त्यांनी निळा पेन काढला आणि समजावून सांगायला म्हणून माझ्या पोटावर रेघ ओढली. मी म्हणतोय, बाई, फक्त वरचं, कंबरेला हात लावू नका. त्या म्हणतायत, "करायचं तर नीट करू ना." आणि इकडून सुरू केली ती रेघ पार बेंबीखालून फिरवून पाठीमागे नेली. एवढं सगळं काढायचं म्हणे. मला वाटलं, मग माझ्याकडे उरणार काय?

दुसरा दवाखाना म्हणजे... काय सांगू, आत शिरल्याबरोबर वास असा की माणसाला आपण आंघोळ करून आलोय याचीच शंका यावी. तिथे एक गोड बोलणाऱ्या बाई. पोटावरची निळी रेघ बघून त्यांना इतकं वाईट वाटलं की मलाच त्यांची समजूत घालावीशी वाटली. "अजून पाणी भरून हाताने ओढतात? अरेरे. आम्ही ध्वनिलहरींनी आधी चरबी सैल करतो. पाठ, जुनी चरबी, चिवट चरबी, सगळी सैल होते."

आवाज होतो का?

"छे, तो कानाला ऐकू येत नाही."

मग चरबीला कसा ऐकू येतो? बाई म्हणाल्या, "ते डॉक्टर सांगतील." डॉक्टर आले, घाईत होते, हिरव्या पेनने दोन अंडाकृती काढून गेले. मी जाता जाता विचारलं, तुमच्यात पाणी नाही ना भरत? बाई म्हणाल्या, "पाणी तर भरावंच लागतं." आणि नळी? "नळी तर लागतेच ना, सर. सैल झालेलं बाहेर कसं येणार?"

तिसऱ्या ठिकाणी लेझर. तिथले डॉक्टर तरुण, शर्ट इतका घट्ट की आमच्या मास्तरांनी तिथेच उसवला असता. त्यांनी निळं बघितलं, हिरवं बघितलं आणि नाक मुरडलं. "लहरींनी चरबी सुटेल हो, पण कातडी लोंबेल त्याचं काय? लेझरच्या उष्णतेने चरबी वितळते आणि कातडी आवळते. एका कामात दोन."

भाजत नाही ना?

"अनुभवी हातात नाही भाजत."

आपला अनुभव? तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. बोलता बोलता त्यांनी माझ्या कुशीला एक चिमटा काढला, "छान, छान" म्हणाले, ते मला की फोनला कळलं नाही, आणि काळ्या पेनने बाण काढले. बाण. जणू माझ्या चरबीला बाहेरचा रस्ता सापडत नव्हता. मी विचारलं, पाणी? "हो, थोडं." नळी? "अर्थात."

म्हणजे तुम्हाला सांगतो, दिवसभर तुलना करून मला काय कळलं? तिघेही पाणी भरतात, तिघेही नळी घालतात, तिघेही नंतर कित्येक आठवडे घट्ट पट्टा घालून बसा म्हणतात, आणि तिघेही दारापर्यंत सोडायला येऊन म्हणतात, "एक लक्षात घ्या हं, हे वजन कमी करण्यासाठी नाही. हे आकारासाठी आहे." भांडण काय ते मधल्या पाच-दहा मिनिटांचं, की चरबीला भिजवायचं, हलवायचं की तापवायचं. आणि मी म्हणत होतो कंबर सोडा, ते एकानेही ऐकलं नाही. पोट माझं, पण मत सगळ्यांचं.

घरी आलो. बायकोने शर्ट बघितला, म्हणजे शर्टाच्या आतलं बघितलं, आणि मटकन खुर्चीत बसली. "हे काय करून आलात?" सगळं सांगितलं, फक्त तिचं फोनवरचं बोलणं ऐकल्याचं सांगितलं नाही. तिने उठून साबण आणला, तेल आणलं, नखं साफ करायचं काहीतरी आणलं, घासघास घासलं. माझी कातडी लाल झाली, रेघा होत्या तशा. ऑपरेशनच्या टेबलावर पुसली जाऊ नये म्हणून बनवलेली शाई ती, आपल्या साबणाला काय दाद देणार? घासता घासता म्हणाली, "मी कधी तक्रार केली का हो?" म्हटलं नाही केलीस, तोच तर त्रास आहे. त्यावर तिने जरा जास्तच जोरात घासलं.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, बरोब्बर दुसऱ्या दिवशी, नव्या हंगामाच्या पॅन्टची मापं.

आता इथे आमच्या कारखान्याची एक रीत सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. अंगावर कच्चं कापड चढवून फिटिंग बघतात, तेव्हा जो तो आपल्या खडूने दुरुस्ती दाखवतो. पांढरा खडू मास्तरांचा. लाल खडू तपासणीवाल्यांचा. आणि निळा खडू मालकांचा. घाई असली की मालक कापडाची वाट बघत नाहीत, थेट माझ्या अंगावरच रेघ मारून जातात, "मास्तर, इथून आत घ्या," की निघाले. पांढऱ्यावर वाद होतो, लालवर भांडण होतं, पण निळ्या रेघेला कोणी काही विचारत नाही. निळी रेघ म्हणजे हुकूम.

लागलं ध्यानात? मला नाही लागलं. माझं सगळं लक्ष एकाच गोष्टीकडे, की मास्तरांनी विचारलं तर काय सांगायचं. पोट कमी करायला दवाखान्यात गेलो होतो हे कळलं की संपलंच. उभा राहिलो, शर्ट वर घेतला, डोळे मिटले. मास्तर समोर आले. त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग त्यांनी एवढंच विचारलं, "मालक येऊन गेले?"

मालक सकाळी आले होते, चहा पिऊन गेले होते. म्हटलं, हो, येऊन गेले.

"हं," म्हणाले. आणि टेप लावली. हिरवं, काळं, बाण, एक अक्षर विचारलं नाही त्यांनी. मला वाटलं, केवढा थोर माणूस, बघून न बघितल्यासारखं केलं. मी बाहेर येऊन दोन कप चहा प्यायलो. आणि आत तो थोर माणूस माझ्या पोटावरची निळी रेघ जशीच्या तशी कागदावर उतरवत होता.

आता एरवी पहिली पॅन्ट शिवून माझ्या अंगावर चढवतात, मगच बाकीचं कापड कापतात. पण हंगाम जवळ आला होता. मास्तर म्हणाले, "डबलचं पोट आहे ते, हलणार आहे का? कापा." केवढा विश्वास माझ्या पोटावर. सगळं कापड कापलं. शिवलं. काजं झाली, बटणं लागली, इस्त्री झाली, गोदाम भरलं. आणि मग एक पॅन्ट आली माझ्याकडे, घालून दाखवायला, खरेदीदार यायचे म्हणून.

मांडीपर्यंत आली. पुढे येईना. दोघांनी ओढली. बटण आणि काज एकमेकांकडे बघतायत, मधे मी. मॅनेजरबाई म्हणाल्या, "डबल, तुम्ही वाढलात." मालक म्हणाले, "वाढलाय." तपासणीवाले म्हणाले, आम्हाला कधीचं वाटत होतं. मास्तरांनी टेप लावली. माप तेच, दोऱ्याइतकाही फरक नाही. मग सगळे मास्तरांकडे वळले.

मास्तर शांत. "मालक, तुमच्या निळ्या रेघेवर कापलंय."

"माझी रेघ? मी यंदा खडू हातात घेतला नाही."

"यंदा आटोपशीर करा म्हणाला होतात तुम्ही."

"म्हणालो होतो. काढली नव्हती."

मास्तरांचा चेहरा बघितला मी तेव्हा. या माणसाने उभ्या जन्मात कापड वाया घालवलं नाही. चिंध्यांच्या पिशव्या शिवायचे. आणि मालक त्यांना म्हणत होते, "मास्तर, नजर अधू झाली असेल तर सांगा, दुसरा माणूस बघू." मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मी तिथेच, अर्ध्या चढवलेल्या पॅन्टमध्ये उभा राहून बोलून टाकलं. दवाखाने, पेनं, मेहुणी, बायकोचे गुडघे, बुटाची नाडी, सगळं. मला वाटलं, गेली नोकरी. निदान पॅन्ट वर घेऊन जावं तर तीही येईना.

मालक माझ्याकडे बघत राहिले. मग गोदामाकडे बघितलं. मग परत माझ्याकडे. आणि म्हणाले, "ते जे काढणार होते... ते किती दिवसांत काढतात?"

मी म्हटलं, काय?

"पॅन्टा तर आता उसवता येत नाहीत. तू उसवता येतोस का बघू."

आणि मग काय विचारता. जो उठला तो तज्ज्ञ. इस्त्रीवाला म्हणतो, "लेझरच. उष्णतेशिवाय कुठलीही गोष्ट बसत नाही." धुलाईवाला म्हणतो, "पाणीच. आधी भिजवल्याशिवाय काही सुटत नाही." मशिनवाला मेकॅनिक म्हणतो, त्याने कुठे वाचलं होतं, की आता नळीच थरथरते, मोटर असते तिला, डॉक्टरचा हात दुखत नाही, तेच घ्या. मॅनेजरबाईंना लहरी पसंत, कारण डाग पडत नाहीत म्हणे. जेवायच्या सुट्टीत दोन तट पडले, ओले आणि कोरडे, आणि माझ्याशी कोणी बोलेना, सगळे माझ्या पोटाविषयी एकमेकांशी बोलत होते. एकटे मास्तर म्हणाले, "माणसाला भोक पाडायचं नाही." तर त्यांना सांगितलं, मास्तर, तुम्ही आता बोलू नका. पोट माझं, पण मत सगळ्यांचं, आणि आता तर कंपनीचं.

शेवटी मालक स्वतः मला गाडीत घालून त्या पहिल्या, जुन्या दवाखान्यात घेऊन गेले. या वेळी मोठे डॉक्टर भेटले. म्हातारा माणूस, मोठे हात. मालक म्हणाले, "कोणतीही पद्धत चालेल, खर्चाचं बघू, पण आमच्या पॅन्टमध्ये बसला पाहिजे." डॉक्टरांनी पलंगाकडे बोट दाखवलं. म्हणाले, "झोपा." मी झोपलो. आणि त्यांनी चिमटा काढला. बाजूला काढला, तिथे हाताला लागलं काहीतरी. मधे काढला, बेंबीपाशी काढला, काही येईना चिमटीत. बोटांनी टकटक वाजवून बघितलं. मग हसले.

"हे पोट आमचं नाही," म्हणाले.

म्हटलं, म्हणजे कोणाचं?

"अहो, नळी कातडीखालची चरबी काढते. चिमटीत येते ती. तुमची सगळी आत आहे, आतड्यांच्या अवतीभवती. तिथे नळी घालायची नाही कोणी. पाणी नाही, लहरी नाहीत, लेझर नाही, काहीच नाही चालणार. कुशीतलं थोडं काढता येईल, पण त्याने पॅन्ट लागायची नाही. हे पोट जातं ते एकाच पद्धतीने. चाला. आणि कमी जेवा. अंगालाही तेच बरं."

मालक म्हणाले, "मग तुमच्या बाईंनी रेघ कशाला ओढली?" डॉक्टर म्हणाले, "चिमटा न काढता ओढली. नवीन आहेत. बोलतो मी त्यांच्याशी." एवढं सोपं. तिन्ही ठिकाणच्या तुलनेत जे निघालं नाही ते एका चिमट्यात निघालं, आणि तो चिमटा आधी काढला असता तर... जाऊ द्या.

खरेदीदारांना काहीतरी कारण सांगून पुढे ढकललं, आणि माझं चालणं सुरू झालं. चालायला वेगळे बूट मालकांनी स्वतः आणून दिले, भारीतले. रोज संध्याकाळी कारखाना सुटला की घरी जायचं, काळे काढायचे, ते घालायचे आणि निघायचं. सोबत मास्तर. ते म्हणाले, "कापड मी बिघडवलंय, चालायला मी येतो." रस्त्याने दोन पावलं पुढे, मागे वळून बघत, "डबल, पाय उचल." भाताचा निरोपही बदलला, आता म्हणतात भात सोड. सुरुवातीला मी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन फतकल मारायचो. मग पुलापर्यंत. मग पूल ओलांडून. मास्तरांची टेप खिशातच, दर सोमवारी लावायचे आणि स्वतःशीच मान हलवायचे. आणि मला काय आनंद झाला असेल सांगा, हात खाली जायला लागला. आधी पोटरीच्या मध्यावर. मग घोट्याच्या जरा वर. मी बायकोला सांगितलं नव्हतं. म्हटलं, एक दिवस ती पदराला हात पुसत येईल आणि मी बांधून तयार असेन, तिचं तोंड बघायचं होतं मला.

खरेदीदार आले त्या दिवशी हात आणि नाडीत चार बोटं अंतर होतं. फक्त चार बोटं. पॅन्ट चढवली. बटण लागलं. श्वास न कोंडता लागलं, हो. खरेदीदार माझ्याभोवती फिरले, पुढून बघितलं, मागून बघितलं, बसायला लावलं, उठायला लावलं आणि म्हणाले, "उत्तम. काय फिटिंग आहे. पुढचे सगळे हंगाम याच मापात द्या." मालकांनी मला मिठी मारली. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी. खिरापत वाटावी तसे पेढे... नाही, बिस्किटं होती, पण वाटली.

मीही खूश. म्हटलं मास्तर, आता चार बोटंच राहिली, महिन्याभरात गाठतो. तर मास्तर टेप गुंडाळता गुंडाळता थांबले. मालकही थांबले. मॅनेजरबाई म्हणाल्या, "डबल, आता एक रेघही कमी व्हायचं नाही हं. साचा पक्का झालाय." मालकांनी खिशातून निळा खडू काढला, माझा शर्ट वर केला, आणि बरोबर आहे तिथे रेघ मारली. म्हणाले, "इथे थांबायचं. पण चालणं सोडू नकोस, नाहीतर पुन्हा वाढशील."

घरी आलो. सगळं सांगितलं, चार बोटंही सांगितली. बायको ऐकत होती. मग भिंत धरून खाली बसली, सकाळचे बूट काढले, फिरायचे चढवले, नाडी ओढली, कारण बाहेर मास्तर येऊन उभे होते. म्हणजे आधी दिवसातून एकदा बसायची, आता दोनदा बसते. मी म्हटलं, मी तरी काय करू, पोट माझं, पण मत सगळ्यांचं. तिने दुसरी गाठ मारली, बुटावर थाप मारली, माझ्या बुटावरच हात टेकवून उठली आणि म्हणाली,

"पोट तुमचं, मत सगळ्यांचं... आणि गुडघे तेवढे माझे. जा आता, मास्तर खोळंबलेत."